सासूबाईंचा मोर्चा आणि माझी लाठी

मागे लातूरच्या एका कॉलेजानं मला वादविवादाला बोलावलं होतं. विषय होता, आंदोलकांवर पोलिसांनी बळ वापरावं की वापरू नये. मी निवृत्त सहायक फौजदार, त्यातून बाई, म्हणून मधल्या खुर्चीवर शाल-नारळ घेऊन बसवलेली. काय भांडली ती पोरं! एक बाजू म्हणे लाठी उचलणं हेच पाप, दुसरी बाजू म्हणे दगड आला की ठोकलंच पाहिजे. एका पोरीचा आवाज बसला, एका पोरानं रागाच्या भरात पाण्याचा ग्लास सांडला. मला तर लई मजा आली. आमच्या नोकरीत ह्या विषयावर आम्हाला कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं, आणि इथं माईक लावून भांडण चाललेलं!

पण एक गोष्ट मला टोचली. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात पोलीस म्हणजे कुणीच नव्हतं. हुकूम दिला की लाठी आपोआप खाली येते, असंच सगळे धरून चाललेले. लाठी धरणारी बाई सकाळी भाकरी थापून घराबाहेर पडलेली असते, आणि समोर कोण उभं आहे हे तिला कधीकधी नावागावासकट ठाऊक असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मला ठाऊक होतं. माझ्या समोर माझी सासू उभी होती.

ती हकिगत सांगायची म्हणूनच लिहायला बसले आहे. पण आधी आमचं काम थोडं समजून घ्या, नाहीतर निम्मी गंमत कळणार नाही. पेपरात तुम्ही वाचता, 'पोलिसांचा सौम्य लाठीमार'. हा शब्द कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. आम्हाला शिकवताना सौम्य आणि कडक असे दोन प्रकार कुणी दाखवले नव्हते. लाठी एकच, बांबूची. आणि ती आपल्या मर्जीनं उचलायची नसते. समोरचा जमाव बेकायदा आहे हे ठरवायचं मॅजिस्ट्रेटनं. तालुक्यात मॅजिस्ट्रेट म्हणजे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. मग भोंग्यावरून लोकांना सांगायचं, निघून जा. पुन्हा सांगायचं. थोडा वेळ द्यायचा. तरी नाही हलले तर हुकूम होतो, आमचा साहेब शिट्टी मारतो आणि लाइन पुढं सरकते. शिट्टी वाजेपर्यंत लाठी पायाला लावून उभं राहायचं. खरं काम ते उभं राहणंच. लोक काय काय बोलतात तोंडावर! आईवरून, बापावरून, आणि आम्हा बायांना तर विचारूच नका. पापणी हलवायची नाही.

मी कंधारची. लग्न होऊन ह्या भागात आले तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादेपासून वेगळं झाल्याचा लोकांना आनंद केवढा, आणि कचेऱ्यांना बसायला जागा नाही! कुठं शाळेच्या खोल्यांत कचेरी, कुठं कुणाच्या गोदामात. साहेब लोक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेले, त्यांना इथली बोली कळेना. आम्ही महिला पोलीस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात आला दुष्काळ. नळ कोरडे, आड कोरडे, आणि रोज कुठं ना कुठं बायांचा घागर मोर्चा. बायांचा मोर्चा म्हटलं की बाई पोलीस पाहिजेच. मग काय, आज उदगीर, उद्या अहमदपूर, निळ्या गाडीत कोंबून आम्हाला नुसतं फिरवत होते. खाकी साडी नेसून, एका हातात लाठी आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून कधी पळून बघा, म्हणजे कळेल.

मोर्चावालेही सगळे एका माळेचे नसतात बरं का. अहमदपूरला एक पुढारी होते, पांढरे फेक कपडे. घोषणा रंगात आलेल्या असताना हळूच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, अटक करायची तर जेवायच्या आत करा. पेपरवाला दुपारच्या गाडीनं जाणार हाय." मी म्हटलं, हुकूम नाही. तर म्हणाले, "मग निदान लाठी तरी उगारा की, फोटोपुरती!" मी पापणी हलवली नाही, पण लाइनीत शेजारी उभी असलेली शिपाई कदमबाई खुदकन हसली आणि जमादारांच्या शिव्या आम्ही दोघींनी खाल्ल्या.

आता आमच्या गावचा मोर्चा. गावाचं नाव लिहीत नाही. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला आहे एवढं पुरे. माझी नेमणूक तिथल्या ठाण्यावर, सासरही तिथंच. आमच्या गल्लीत सगळी लिंगायत वाण्यांची आणि शेतकऱ्यांची घरं, घरात बोलणं कानडी. मी कंधारची, मला मराठी सोडून काही येत नव्हतं. सासूबाईंनी मला कानडी शिकवलं ते चुलीपुढं. मीठ दे, पाणी ओत, घागर उचल, असं. सगळे त्यांना अव्वा म्हणत, मीही अव्वाच म्हणायची. बाई उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की गल्लीच्या ह्या टोकाला बोलल्या की त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं.

टँकर गावात येत होता, पण कचेरीच्या वसाहतीत रिकामा व्हायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन वळायचा. गल्लीतल्या बायांनी दहा वेळा अर्ज-विनंत्या केल्या आणि शेवटी मोर्चा ठरवला. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो.

"उद्या मी म्होरं राहणार हाय," अव्वा म्हणाल्या.

"अव्वा, उद्या माझी ड्यूटी हाय तिथं."

"मग बरंच झालं की. वळखीचं माणूस असलेलं चांगलं."

"वळख कामाला येत न्हाई तिथं. हुकूम झाला तर लाठी उचलावी लागंल मला."

"कुणाचा हुकूम?"

"नायब साहेबाचा."

"आन् पाणी कुणाकडं मागायचं?"

"त्यांच्याकडंच."

अव्वांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हंजे ज्याच्याकडं मागायचं, त्यानंच मारायला सांगायचं? ह्यो कुठला कायदा गे?"

खरं सांगते, ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता. पण सासूपुढं हार कशी मानायची? मी म्हटलं, "अव्वा, तुम्ही पाणी मागायला येताय. तुमच्या मागं जी रिकामी टाळकी येतील ती पाणी मागायला येत न्हाईत. त्यातल्या एकानं कचेरीला काडी लावली तर? आम्ही मधी उभे न्हाई राहिलो तर उद्या बंदूकवाले येतील."

"मग त्या टाळक्यांना हाणा. आम्हाला कामून?"

"गर्दीत निवडून हाणता येत न्हाई."

"निवडता येत न्हाई तर हाणूच नका!"

"आन् कचेरी पेटली तर?"

"पेटंना! विझवायला तरी पाणी आणतील का न्हाई?"

आमचे हे, म्हणजे अव्वांचे चिरंजीव, प्राथमिक शाळेत मास्तर. ते एकदा आईकडं बघत, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाले, "मला उद्या शाळा हाय," आणि ताटावरून उठले. त्या घरात मोर्च्याला परवानगी मिळाली नाही आणि मनाईही झाली नाही.

सकाळी मी फौजदार साहेबांपुढं उभी राहिले. हे साहेब घाटावरचे, अंगानं जाड, रागीट पण मनात काही न ठेवणारे. म्हटलं, "साहेब, मोर्च्यात माझी सासू हाय. सगळ्यात पुढं."

ते म्हणाले, "अगं, ह्या गावातल्या प्रत्येक बाईची सासू आज मोर्च्यात आहे. तुला सोडली तर तुझ्या जागी कुणाला उभी करू, माझ्या बायकोला?" वर म्हणाले, "आणि काळजी करू नकोस. मी सोलापूरकडं सीमेवर नोकरी केलीय, मला कानडी कळतं." त्यांचं कानडी मला ठाऊक होतं. बंदोबस्ताला लागतात तेवढेच शब्द त्यांना येत होते: बस, ऊठ, चल, मार.

पाणीटंचाईची कचेरी शाळेच्या इमारतीत होती. आम्ही फाटकात लाइन धरली. दहाच्या उन्हात मोर्चा आला तो असा की रस्ता दिसेना! बाया, बाया आणि बाया. पितळेच्या घागरी, तांब्याचे हंडे, जर्मनच्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या कळश्या, सगळं रिकामं. आणि पुढं अव्वा. डोक्यावरून पदर, काखेत घागर. माझ्यापासून हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जसं भिंतीकडं बघावं. 

घोषणा सुरू झाल्या. अर्ध्या बाया ओरडत होत्या, "पाणी द्या!" अर्ध्या कानडीतून, "नीर कोड्री!" म्हणजे तेच, पाणी द्या. नायब साहेब खोलीतून बाहेर येईनात. नवीन पोरगेलासा माणूस, बदली होऊन आलेला. आज मला त्याची कीव येते. त्याच्या हातात पुरेसे टँकर नव्हते, हुकूम तेवढा होता. फौजदार साहेबांनी भोंग्यावरून सांगितलं, निघून जा. कुणी हललं नाही. पुन्हा सांगितलं. मागं रस्त्यावर बघ्यांची गर्दी वाढायला लागली, पोरं झाडावर चढली, शिट्ट्या पडायला लागल्या. हीच वेळ वाईट असते. पुढच्या माणसाला मागच्याचं दिसत नाही आणि मागच्याला पुढचं.

तेवढ्यात अव्वा लाइनीकडं पाठ करून बायांकडं वळल्या. हात वर केला आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडल्या, "कोडा होडीरी!"

फौजदार साहेबांचा चेहरा एकदम बदलला. "मारा म्हणतीय ती! सावध!" त्यांनी शिट्टी तोंडात धरली. आमच्या लाइनीतल्या लाठ्या वर आल्या. माझीही आली. समोर अव्वांची पाठ, जुन्या इरकलीचा पदर, त्यावरचं ठिगळसुद्धा मला दिसत होतं.

लाइनीतून बोलायचं नसतं. मी बोलले. बोलले कसली, किंचाळलेच. "साहेब, घागरीला! घागरीला मारा म्हणतीय!"

शिट्टी तोंडातच. तिच्या कडेनं साहेब म्हणाले, "मला कानडी येतं. होडी म्हणजे मार."

"मारच साहेब! पण कोडा म्हणजे घागर! घागर बडवा म्हणतीय!"

"तुझी सासू आहे म्हणून—"

पुढचं त्यांना बोलताच आलं नाही. एकदम असा आवाज उठला, असा आवाज उठला, की आयुष्यात मी तसा ऐकला नाही! बायांनी हातातल्या बांगड्यांनी, दगडांनी, कळशीवर कळशी आपटून घागरी बडवायला सुरुवात केली. पितळ, तांबं, जर्मन, सगळं एकदम. झाडावरची पोरं कानांत बोटं घालून खाली उतरली. शाळेचे पत्रे थरथरायला लागले. फौजदार साहेबांच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबायला लागली. काय सांगू, त्या क्षणी मला हसू येऊन राहिलं होतं आणि रडूही.

पण संकट टळलं नव्हतं. आवाज ऐकून नायब साहेबांना वाटलं, हल्ला झाला. ते धावत व्हरांड्यात आले. तोंड पांढरंफटक. "लाठी चालवा! चालवा लाठी!"

आता हा हुकूम होता. कायद्यानं ज्यानं द्यायचा त्यानंच दिलेला. मी व्हरांड्यापासून लांब होते, तरी मला ऐकू आला. कदमबाईला आला. फौजदार साहेब तर आमच्यापेक्षा जवळ उभे होते. सगळी लाइन त्यांच्याकडं बघायला लागली.

साहेबांनी कानामागं हात नेला. "काय म्हणताय साहेब?"

"लाठी! लाठी!"

"जरा मोठ्यानं! घागरी वाजतायत!"

नायब साहेबांनी हात वर करून मारल्याची खूण केली, एकदा, दोनदा. फौजदार साहेबांनी बायांकडं बघितलं, मान डोलावली, आणि तशीच खूण करून दाखवत ओरडले, "हो, हो! फार जोरात वाजवतायत!"

देवाशप्पथ, असं घडलं. एवढा जाडजूड रागीट माणूस, शाळेच्या नाटकातल्यासारखा हात हलवून राहिला होता. आम्ही लाठ्या खाली घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण घेतल्या. घागरी वाजतच होत्या. नायब साहेब ओरडून ओरडून दमले आणि खांबाला टेकून उभे राहिले. मग अव्वांनी हात वर केला आणि आवाज थांबला. एकदम एवढी शांतता झाली की कुणाच्या तरी घागरीतून निसटलेला खडा फरशीवर पडल्याचं ऐकू आलं.

फौजदार साहेबांनी कडक सलाम ठोकला. "आता सांगा साहेब. काय हुकूम?"

नायब साहेबांनी समोर बघितलं. समोर आमच्या अव्वा, त्यांच्या मागं गल्लीतल्या बाया, घामानं डबडबलेल्या, धापा टाकणाऱ्या, हातात चेमटलेल्या घागरी. गोंगाटात दिलेला हुकूम त्या शांततेत पुन्हा द्यायचा होता.  शेवटी म्हणाले, "त्यांना विचारा... टँकर किती वाजता पाहिजे."

काय जल्लोष झाला म्हणता! बायांनी पुन्हा घागरी बडवल्या, ह्या वेळी आनंदानं. कदमबाईनं तर लाठी फरशीवर आपटून ताल धरला आणि पुन्हा जमादारांच्या शिव्या खाल्ल्या.

ठाण्यात मात्र ह्या गोष्टीवर पुढं कितीतरी दिवस वाद चालला. जमादार म्हणायचे, साहेबांनी चूक केली. हुकूम ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं तर खातं चालायचं कसं? उद्या खरंच दगड आला असता आणि कुणा शिपायाचं डोकं फुटलं असतं तर? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पुढं असे मोर्चे पाहिले जिथं दगड आला, जिथं माझ्या बरोबरीच्या पोलिसाचा डोळा गेला, आणि तिथं लाठी चालली नसती तर माणसं मेली असती. कॉलेजातल्या पोरांनो, हेही ऐका. मी एकदा धीर करून साहेबांना विचारलं, "साहेब, तुम्हाला खरंच ऐकू आलं न्हाई?" ते म्हणाले, "शांतता असती तर ऐकू आलं असतं. आणि ऐकू आलं असतं तर मी शिट्टी मारली असती. नोकरी आहे बाई." एवढंच बोलले. म्हणजे त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायांना कायद्यानं वाचवलं नाही आणि माझ्या कानडीनंही नाही. घागरींचा आवाज मोठा होता म्हणून त्या वाचल्या. ह्याचा आनंद मानायचा की भीती धरायची, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेले तर अव्वा ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. गल्लीत उत्सव असल्यासारखं वातावरण. जो तो येऊन त्यांच्या पाया पडत होता. मी साडीही बदलली नव्हती. म्हटलं, आता माझं कौतुक होणार. लाइनीतून ओरडले होते, वर्दीची पर्वा केली नव्हती. बाया पांगल्यावर अव्वांनी मला जवळ बोलावलं.

"खरं सांग सुमन. त्या साहेबानं शिट्टी फुकली असती तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. सून होते, घरात राहायचं होतं. पण सबंध दिवस त्या आवाजानं माझं डोकं असं घुसळून निघालं होतं की खोटं सुचेचना. "मग मारलं असतं, अव्वा."

"मला?"

"तुम्हीच म्होरं होता."

अव्वा रागावल्या नाहीत. कपाळाला आठी घालून विचार करायला लागल्या. "कुठं मारलं असतंस?"

"कमरेच्या खाली. मांडीवर, पोटरीवर. तसा नियमच हाय. डोक्यावर, छातीवर मारायचं न्हाई."

त्यांनी आपल्या पसरलेल्या पायांकडं बघितलं आणि ते हळूच लुगड्याखाली ओढून घेतले.

"पायावर नको गे," एखाद्या लेकीची समजूत घालावी तशा त्या म्हणाल्या. "टँकर आला न आला, सकाळी लांबच्या विहिरीवर जावंच लागतंय. दुसरीकडं कुठंबी मार."

त्या थट्टा करत नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि खरंच विचार करायला लागले. हातांनी त्या पाणी शेंदायच्या. डोक्यावर हंडा घ्यायच्या. कमरेवर घागर. मारायला दुसरी जागा मला काही सापडली नाही.